पर्सिदाबाईंच्या शेजारचा माणूस

नवी प्लोचा, १२ जुलै २०१६

प्रिय नेवेना,

देव तुझं भलं करो. तू व्हिएन्नाला सुखरूप पोचलीस हे तुझ्या आईनं कळवलं. फोन करता येतो हे मलाही कळतं. पण फोन ठेवला की निम्मं विसरायला होतं, आणि आमच्या सासूबाईंना, पर्सिदाबाईंना, चौऱ्याण्णव्या वर्षी माझी हाक ऐकू येत नसली तरी कुजबुज बरोबर ऐकू येते. म्हणून पत्र.

तू जाताना विचारलंस, ती हाडं सापडली कशी? घाईत सांगायचं राहिलं, आता पहिल्यापासून लिहिते.

माझे सासरे ल्युबिसाव १९४४ च्या सप्टेंबरात होडी घेऊन डॅन्यूबच्या पलीकडे गेले, ते आले नाहीत. काठावर गोळीबार झाला होता. कुणी म्हणे बुडाले, कुणी म्हणे आपल्याच आलुबुखाराच्या बागेशी पोचून पडले आणि कुणीतरी तिथंच पुरले. तीन महिन्यांनी तुझे दोब्रिवोये काका जन्मले. पुढं १९६९ मध्ये धरणाचं पाणी चढायला लागलं, जुनी प्लोचा बुडणार म्हणून जो तो आपल्या घराचे दगड आणि आपली मढी उचलून वर टेकडीवर आणत होता. तेव्हा बागेत खणताना काकांना कमरेइतक्या खोलावर माणूस सापडला. अंगाभोवती गंजासारखी लाल माती, आणि छातीवर बारीक, चकचकीत गुंड्या, चाळीसेक. सासूबाई धावत आल्या. लग्नातल्या सदऱ्याला त्यांनी स्वतः शिंपल्याच्या गुंड्या लावल्या होत्या. त्यांनी ओंजळीत त्या घेतल्या आणि तिथंच बसकण मारली. मग पाद्री, मेणबत्ती, धूप, सगळं यथासांग करून सासऱ्यांना वरच्या स्मशानात ठेवलं. तेव्हापासून दर शनिवारी सासूबाई थडग्याशी जाऊन तासभर बोलून येतात.

आता त्यांना स्वतःची जागा तयार हवी. जोड-थडगं बांधायचं, दगडावर आपलं नाव आणि जन्मसाल जिवंतपणीच कोरून घ्यायचं, आणि जुनी हाडं वाइननं धुऊन लहान पेटीत पायथ्याशी ठेवायची, ही आमची रीतच आहे. धुण्याचं काम सुनेचं. ते मी केलं, तू वाइन ओतत होतीस. तेव्हा तू कवटी हातात घेऊन जी गप्प झालीस, ती जेवणापर्यंत बोलली नाहीस. मग म्हणालीस, "मावशी, कानामागचं एवढंसं हाड दे. आमच्या प्रयोगशाळेत काकांच्या लाळेशी जुळवून पक्का कागद देते." कागद कुणाला हवा होता? पण तुझ्या तोंडाकडे बघून मी दिलं. सासूबाईंना पत्ता नाही. मला रात्रंदिवस वाटतं की मी चोरी केली.

मित्रोव्दानच्या सणाआधीच्या शनिवारी, ५ नोव्हेंबरला, पितरांचा दिवस आहे. तोवर पेटी जागेवर जायला हवी आणि ते हाड पेटीत. एवढं लक्षात ठेव.

तुझी मावशी,
क्रुनिया

•

व्हिएन्ना, २९ ऑगस्ट २०१६

प्रिय मावशी,

कामाच्या गर्दीत उशीर झाला. थोडक्यात लिहिते, कारण आमच्याकडे अर्धवट निकाल सांगायचा नाही असा नियम आहे आणि मी तो आधीच मोडतेय.

काकांची लाळ आणि ते हाड यांचं बाप-लेकाचं नातं जुळत नाही. दोनदा करून पाहिलं. आजीला इतक्यात काही सांगू नकोस. काकांनाही नको. हाडाचा एक तुकडा मी दुसऱ्या तपासणीला पाठवला आहे, तीन आठवडे लागतील. त्यानंतर सगळं लिहीन.

तुला वाईट वाटेल असं काही नाही. निदान मला तसं वाटत नाही.

तुझी,
नेवेना

•

नवी प्लोचा, ९ सप्टेंबर २०१६

नेवेना,

"वाईट वाटेल असं काही नाही" म्हणे! व्हिएन्नात नसेल. इथं प्लोचात आहे.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि चुलीत घातलं. म्हणजे माझा नवरा त्याच्या बापाचा नाही, हेच ना? आणि हे तू मला एका ओळीत लिहितेस, खाली सही करतेस आणि मोकळी होतेस!

माझी गेल्या आठ दिवसांत काय गत झाली सांगू? जेवताना मी यांचे कान बघते. यांचे कान बाहेर आलेले. खालच्या आळीतल्या मेलेल्या गिरणीवाल्याचे कान तसेच होते. यांनी विचारलं, "माझ्या कानाला काय चिकटलंय का?" मी म्हटलं, "सूप." ते पुसायला लागले.

आणि सासूबाई! बहात्तर वर्षं डोक्यावरचा काळा रुमाल उतरवलेला नाही. उपासाच्या दिवशी तेलाचा थेंब नाही. काल त्या मिरच्या सोलत बसल्या होत्या, आणि मी बघत होते की या बाईनं, बाविसाव्या वर्षी, नवरा घरात असताना... छे. त्यांनी मान वर केली, म्हणाल्या, "क्रुनिया, अशी काय बघतेस, मी अजून मेले नाही." मला रडू आलं. संध्याकाळी पाद्री येरेमियांकडे जाऊन पापाची कबुली दिली की मी एका म्हाताऱ्या बाईबद्दल मनात घाण आणली. त्यांनी विचारलं, कोणत्या? मी सांगितलं नाही. ते म्हणाले, "मग देवापुढं चाळीस वेळा वाक, आणि जिच्याबद्दल आणलीस तिला आज तू वाढ." रोज मीच वाढते. पण त्या दिवशी जास्त वाढलं.

आता तूच सांग, त्या थडग्यात या बाईला कुणाशेजारी निजवू? ज्याला तिनं फसवलं त्याच्या? आणि नसेल फसवलं, तर तुमचं यंत्र खोटं बोलतंय. मला यंत्र खोटं असलेलं चालेल. लगेच लिही.

क्रुनिया

•

व्हिएन्ना, १७ सप्टेंबर २०१६

माझी गुणी मावशी,

तुझं पत्र वाचून मी कार्यालयाच्या जिन्यात बसले. हसावं की रडावं कळेना. चूक सगळी माझी. अर्धं सांगायचं नव्हतं.

आजीनं काहीही केलेलं नाही. काका ल्युबिसाव आजोबांचेच. त्या पेटीतला माणूसच ल्युबिसाव नाही.

कवटी हातात घेतली तेव्हाच मला शंका आली होती. दात मुळापर्यंत झिजलेले होते, हाडं जाड आणि जड. म्हणून वयाची तपासणी केली. परवा आकडा आला. मी तो आमच्या प्रमुखांकडे नेला, त्यांनी चष्मा काढून पुसला आणि आकडा पुन्हा वाचला. मावशी, तो माणूस सुमारे आठ हजार दोनशे वर्षांपूर्वी मेला.

मी रोज जुनी हाडं हाताळते, ती खणून काढलेली, आकडा घातलेली, डब्यातून येतात. हे हाड मात्र तू वाइननं धुऊन, स्वच्छ पंच्यानं टिपून मला दिलंस.

लाल माती गंज नव्हता, गेरू होता. त्याचे लोक मेलेल्यावर गेरू टाकत आणि नदीला समांतर, डोकं प्रवाहाच्या दिशेनं ठेवून पुरत. आणि तुमच्या गुंड्या मी फोटोत मोठ्या करून पाहिल्या. कार्प माशाच्या घशातले दात आहेत ते. एकेक घासून गुळगुळीत केलेला, कपड्यावर शिवलेला. आजीची चूक कुणाचीही झाली असती. शिवणारी कुणीतरी होतीच, फक्त ती आजी नव्हती.

हाडांतून हेही कळतं की तो जन्मभर जवळजवळ मासेच खात होता. शेती तेव्हा नदीवर नुकती कुठं पोचत होती. तुम्ही सत्तेचाळीस वर्षं थडग्यावर त्याच्यासाठी शिजवलेला गोड गहू ठेवलात. त्यानं बहुधा गव्हाचा दाणा चाखला नव्हता.

रंगरूपाचा निकाल अजून यायचा आहे. तू शांत हो, आणि काकांच्या कानांना शांत सोड.

तुझी,
नेवेना

•

नवी प्लोचा, २ ऑक्टोबर २०१६

प्रिय नेवेना,

आधी मी सासूबाईंच्या पाया पडले. त्यांनी विचारलं, "आज काय सण?" मी म्हटलं, "असंच." त्या म्हणाल्या, "गुडघे दुखतील."

मग पत्र घेऊन परसात गेले आणि पुन्हा वाचलं. आठ हजार दोनशे. आमच्या चर्चच्या पंचांगात सप्टेंबरच्या चौदा तारखेला जगाच्या निर्मितीपासूनचं ७५२५ वं वर्ष लागलं. हा माणूस तर जगापेक्षा जुना, नेवेना! माझ्या हातांनी मी त्याच्या बरगड्या धुतल्या.

मला राहवेना, मी पाद्री येरेमियांना सगळं सांगितलं. आधी ते रागावले, "चर्चच्या जमिनीत बाप्तिस्मा न झालेला?" मग हिशोब ऐकला. दाढीत बोटं घालून म्हणाले, "क्रुनिया, देवाच्या एका दिवसाला आपण घड्याळ लावू नये. पण प्रार्थनेच्या यादीत मी त्याचं नाव वाचू शकत नाही, एवढं खरं. आणि नावही नाही." मी म्हटलं, "आजवर ल्युबिसाव म्हणून वाचत होतात की." ते म्हणाले, "तो मला माहीत नसलेला गुन्हा. आता माहीत झाला."

दोब्रिवोयेंना मी सांगितलं. यांनी जाळं दुरुस्त करता करता ऐकलं. "म्हणजे मी बापाला खणून काढलं नव्हतं?" "नाही." "मग कुणाला काढलं?" "पहिल्या कोळ्यांपैकी कुणाला तरी." एक गाठ मारून म्हणाले, "मासे मिळत असतील तेव्हा. धरण नव्हतं." नंतर जाळं तिथंच टाकून नदीवर गेले, ते जेवायलाच आले. जेवताना म्हणाले, "आईला तू सांग. मला जमणार नाही."

मला तरी कुठं जमतंय? त्यांची एकच इच्छा उरली आहे, नवऱ्याशेजारी निजायची. मी जाऊन म्हणू, तिथं नवरा नाही, एक परका आहे? सिबिन गवंड्यानं दगड घडवून आणला आहे, रोज विचारतो, अक्षरं कधी कोरू. मी काय सांगू त्याला?

दिसायला कसा होता तो? लिही. दोब्रिवोयेंसारखा असेल का? तीच नदी, तेच मासे.

तुझी,
क्रुनिया मावशी

•

व्हिएन्ना, १४ ऑक्टोबर २०१६

प्रिय मावशी,

निकाल आला.

त्याची कातडी गडद होती. आपल्याकडे उन्हात रापलेला म्हणतात तसा नव्हे, खरोखर काळी-तपकिरी. केस काळे. आणि डोळे फिकट, निळे किंवा निळसर करडे. हा अंदाज आहे, फोटो नाही. पण चांगला अंदाज आहे.

तू म्हणशील, आपल्या नदीवर काळा माणूस कुठून आला? मावशी, तो आला नाही. तो इथलाच होता. इथं येणारे दुसरे होते. साधारण त्याच काळात समुद्रापलीकडून, अनातोलियाकडून, शेतकरी आले. बिया, शेळ्या, मडकी घेऊन. कातडी उजळ करणारा एक मोठा बदल त्या लोकांत जवळजवळ सगळ्यांच्या अंगात होता. आपल्या गोरेपणाचा मोठा भाग त्यांचा. निळ्या डोळ्यांचा बदल मात्र तुमच्या पेटीतल्यासारख्या नदी-जंगलातल्या लोकांत फार होता. मग सोयरीक झाली. शेकडो पिढ्या झाली. गोष्ट एवढी सरळही नाही. याच काठावरच्या काही कोळ्यांत उजळ रंगाचं एखादं जनुक आधीच होतं, आणि आणखी काही उत्तरेकडच्या माळांवरून आलं. पण आज तुझ्या घरात गोरी कातडी आणि निळे डोळे एकाच तोंडावर दिसतात, ते एका घरातून आलेले नाहीत.

कातडी का उजळली? काहीजण म्हणतात, मासे खाणाऱ्याला हाडं बळकट करणारं जीवनसत्त्व माशातून मिळायचं, त्याची काळी कातडी त्याला नडली नाही. धान्यावर जगणाऱ्याला ते उन्हातूनच मिळवावं लागलं, आणि इथलं ऊन फिकं. उजळ कातडीची पोरं जास्त जगली. पक्कं कुणालाच माहीत नाही.

मी त्याच्या डोळ्यांचा निकाल पडद्यावर पाहिला तेव्हा खोलीत माझ्याखेरीज कुणी नव्हतं. दार लावून घेतलं. मला वाटलं, कुणीतरी माझ्याकडे बघतंय.

आता वाईट बातमी. इतकी जुनी हाडं घरच्यांची राहत नाहीत. कायद्यानं ती संग्रहालयात जातात. मी नोंद केली, करावीच लागते. तिकडचे संचालक महिनाभरात पेटी घ्यायला माणूस पाठवणार आहेत. म्हणजे आजीला आता सांगावंच लागेल. मला येऊन सांगू दे का? माझ्या हातून हे सुरू झालं.

नेवेना

•

नवी प्लोचा, ३१ ऑक्टोबर २०१६

प्रिय नेवेना,

तू येईपर्यंत थांबले असते तर धीरच सुटला असता. मी सांगितलं.

काल जेवणानंतर सासूबाई अंगणात मका सोलत होत्या. मी शेजारी बसले, कणीस हातात घेतलं. म्हटलं, "आई, त्या पेटीत बाबा नाहीत."

त्यांनी दोन कणसं सोलली. "मग कोण आहे?"

"फार जुना माणूस. ख्रिस्ताच्याही आधीचा."

"किती आधी?"

"ख्रिस्तापासून आपल्यापर्यंत जेवढी वर्षं, तेवढी तीनदा मागं गेलात, तरी तो त्याहून आधीचा."

"हे कोण म्हणतं? तुझी भाची? जी काटाचमचा धरून चेरी खाते ती?"

"हो."

"हाड तिला तूच दिलंस ना? मी पाहिलं होतं. पेटीत कानामागं खड्डा दिसला." मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "बायको होती का त्याला?"

"ते कळत नाही. पण अंगावरच्या त्या गुंड्या नव्हत्या आई, माशाचे दात होते. एकेक घासून कुणीतरी शिवले होते."

"म्हणजे होती," त्या म्हणाल्या. "पुरुष स्वतः एवढं बसून करत नाही."

मग मी त्याचा रंग सांगितला. काळा होता आणि डोळे निळे होते. मला वाटलं, शीः म्हणतील. नातीच्या लग्नाला मुलगा सावळा निघाला तेव्हा "धुऊन बघा" म्हणणारी ही बाई. पण त्या थांबल्या. मला म्हणाल्या, "आरसा आण." आणला. दोब्रिवोये बाळ असल्यापासून त्यांनी आरशात डोळे बघितले नसतील. आमच्या घरात सगळ्यांचे निळे, हे तुला माहीतच आहे. बराच वेळ एक डोळा, मग दुसरा डोळा बघितला. "म्हणजे हे उसने आहेत," म्हणाल्या. "त्याच्याकडून."

"त्याच्याकडून नसतील, आई. त्याच्यासारख्यांकडून."

"तेच ते."

मग त्यांच्या लक्षात आलं. कणीस हातातून पडलं. "क्रुनिया, मग ल्युबिसाव कुठंय?"

मी ते कणीस उचललं. त्या रडल्या नाहीत, पण तोंड असं झालं की मी तो चेहरा जन्मात विसरणार नाही. "सत्तेचाळीस वर्षं," त्या म्हणाल्या, "तो सापडला म्हणून मी पाण्यावर त्याच्यासाठी दिवा सोडला नाही. तो अंधारात आहे अगं. पाण्यात गेलेल्याला पाण्यावरूनच दिवा लागतो, आणि मी वर टेकडीवर बसून दुसऱ्याशी गप्पा मारत होते."

अंगणात अंधार पडेपर्यंत बसून होत्या. दोब्रिवोये येऊन त्यांच्या पायाशी बसले आणि उरलेली कणसं सोलू लागले. सकाळी मात्र त्या माझ्याआधी उठल्या होत्या. चुलीपाशी बसून म्हणाल्या, "भाचीला लिही. तो माणूस काचेत जाणार नाही."

"कायदा आहे, आई."

"असू दे. मी त्याला या घरातलं सगळं सांगितलंय. कोण कुणाशी भांडलं, माझ्या भावानं वाटणी कशी लुबाडली. तुझं पहिलं वर्ष कसं गेलं तेही सांगितलंय, सूनबाई. इतकं ऐकून घेणारा माणूस मी शाळेच्या सहलीला दाखवायला देऊ?"

"तुम्हाला परक्या पुरुषाशेजारी निजायचंय?"

"सत्तेचाळीस वर्षांनी परका कसला? ल्युबिसावशी माझा संसार सव्वा वर्षाचा." मग हळूच म्हणाल्या, "त्याचीही बायको त्याला शोधत असेल. ती येईपर्यंत कुणीतरी शेजारी हवं."

गहू त्यानं चाखला नव्हता, हेही मी सांगितलं. म्हणाल्या, "मग आता चाखला."

शनिवारी त्यांना नदीवर न्यायचं आहे. हे लिहून पत्र थांबवते. तुझ्या त्या संचालकांना जसं जमेल तसं सांग. तुझ्या हातून सुरू झालं म्हणतेस, तर आता हेही तूच निस्तर.

तुझी,
क्रुनिया मावशी

•

व्हिएन्ना, १८ नोव्हेंबर २०१६

प्रिय मावशी,

मी स्वतः संचालकांकडे गेले. आधी त्यांनी मला कायद्याचं कलम वाचून दाखवलं. मग मी तुझं पत्र वाचून दाखवलं, आजीचं बोलणं जसंच्या तसं, वाटणीसकट. ते खिडकीबाहेर बघत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "माझ्याकडे तळघरात चारशे माणसं पेट्यांत आहेत. त्यांतल्या एकाशीही आजवर कुणी बोललं नाही." मग पुन्हा कलम वाचलं, पण आता त्यातली पळवाट शोधण्यासाठी.

ठरलं ते असं. माशाचे दात आणि कानामागचं हाड संग्रहालयात. बाकीची हाडं नोंदीत त्यांची, पण राहणार प्लोचाच्या स्मशानात, नकाशावर जागा मांडून. थडगं न विचारता उघडायचं नाही. सही आजीची लागेल. येत असेल ना सही?

प्रमुखांना हे पटलेलं नाही. त्यांना सगळा सांगाडा हवा होता. मला पुढच्या कामातून काढलंय, त्याचं फारसं वाईट वाटत नाही.

शनिवारी काय झालं? तू लिहिलं नाहीस.

नेवेना

•

नवी प्लोचा, २३ फेब्रुवारी २०१७

प्रिय नेवेना,

तुझं सांत्वनाचं पत्र पोचलं आणि फुलंही. तुझ्या आईनं तुला सांगितलंच, सासूबाई जानेवारीच्या सव्वीस तारखेला गेल्या. शेवटपर्यंत शुद्ध होती. अंथरुणाशी मेणबत्ती मी धरली होती, वेळेवर. त्या बाबतीत मला देवाचे उपकार मानायला हवेत.

तुझा प्रश्न राहून गेला होता, तर आधी तो सांगते. नोव्हेंबरच्या पाच तारखेला सकाळी धुकं होतं. दोब्रिवोयेंनी त्यांना पाठंगुळीला घेऊन खाली काठापर्यंत नेलं. सुका भोपळा अर्धा कापून, त्यात मेणबत्ती रोवून ठेवली होती. सासूबाईंनी पेटवली, तिसऱ्या काडीला पेटली. पाण्यावर ठेवताना त्यांनी ल्युबिसावला हाक मारली. आयुष्यात मी त्यांना नवऱ्याला अशी हाक मारताना ऐकलं नव्हतं. जुनी प्लोचा तिथंच खाली, पाण्यात. बाग, घर, गिरणी, सगळं. भोपळा आधी काठाशीच घुटमळला, मग धरणाच्या संथ पाण्यात हळूहळू गेला. त्या म्हणाल्या, "आता मला थंडी वाजते, चला." आणि मग महिनाभर जणू वीस वर्षांनी तरण्या झाल्या. डिसेंबरात पडल्या, त्या उठल्या नाहीत.

तुझ्या कागदावर त्यांनी सही केली. येत होती. शाळेत चार वर्षं गेल्या होत्या, हे मलाही माहीत नव्हतं.

दगडाचं त्यांनी आधीच सिबिनला सांगून ठेवलं होतं. वर ल्युबिसाव, आणि खाली बारीक अक्षरांत "पाण्यात आहे". मग स्वतःचं नाव. आणि तिसरी ओळ, "या नदीवरचा एक माणूस". सिबिन छिन्नी घेऊन माझ्याकडे आला. "काकू, तिसऱ्याचं जन्मसाल काय घालू?" मी म्हटलं, "माहीत नाही." "मृत्युसाल?" "अंदाजे आहे, आठ हजार दोनशे वर्षांपूर्वी." त्यानं दगडाच्या कडेला बोटांनी माप घेतलं, म्हणाला, "तेव्हा कोणतं साल चालू होतं?" दोघंही हसलो. स्मशानात हसायचं नसतं, पण हसलो. ओळीपुढची जागा त्यानं कोरी ठेवली.

आता गेल्या शनिवारचं, हिवाळ्यातल्या पितरांच्या दिवसाचं लिहायचं आहे, त्यासाठीच खरं तर बसले.

तुला रीत माहीत आहे. घरातल्या मेलेल्यांची नावं आपण कागदावर लिहून देतो आणि पाद्री थडग्यापाशी ती एकेक मोठ्यानं वाचतात. मी यादी लिहायला बसले. यांचे आजोबा-आजी, ल्युबिसाव, पर्सिदा, माझे आईवडील. मग पेन थांबलं. पाद्री येरेमियांनी आधीच सांगितलं होतं, बाप्तिस्मा नाही, नाव नाही, वाचता येणार नाही. मी तरी काय लिहिणार होते? पण त्याला यादीतून गाळायचं माझ्यानं होईना. म्हणून सासूबाईंच्या नावाखाली मी एक ओळ रेघ न मारता तशीच मोकळी सोडली आणि त्याखाली माझ्या आईचं नाव लिहिलं.

बर्फ भुरभुरत होता. आम्ही दहा-बारा माणसं, मेणबत्त्या पंज्यांनी झाकून उभी. पाद्री वाचत गेले. ल्युबिसाव. पर्सिदा. आणि मोकळ्या ओळीवर आले. वाटलं, चूक समजून पुढं जातील, किंवा कागद माझ्या तोंडावर फेकतील. त्यांनी डोळे वर केले नाहीत. पुढंही गेले नाहीत. एक नाव म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ते गप्प उभे राहिले. धुपाटणं त्यांच्या हातात हलत होतं. कुणाला काही सांगावं लागलं नाही. दोब्रिवोयेंनी टोपी काढली, आणि एकेक करत सगळ्यांनी छातीवर क्रुसाची खूण केली.

मग त्यांनी माझ्या आईचं नाव वाचलं.

तुझी मावशी,
क्रुनिया